फूल कुणाचं, फोटो कुणाचा: गुलाबांच्या छायाचित्रस्पर्धांची पार्श्वभूमी

दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटणी झाली की साधारण सहा-सात आठवड्यांनी हायब्रिड टीला, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल देणाऱ्या गुलाबांना, बहर येतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्यामुंबईच्या गुलाबवाल्यांना दिवस पुरत नाही. पूर्वी ही धावपळ बादलीतल्या फुलांसाठी असायची. पहाटे फूल कापायचं, दांडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवायचा आणि रिक्षात मांडीवर बादली घेऊन प्रदर्शनाचा मांडव गाठायचा. आता त्याच पहाटे बरेच जण फूल झाडावरच ठेवतात आणि तिकाटणं लावून कॅमेरा रोखतात. प्रदर्शनातल्या छायाचित्र विभागाकडे आधी जोडविभाग म्हणूनच पाहिलं जायचं. आज मात्र कित्येकांचा छंद त्याच्यापासूनच सुरू होतो. हा बदल कसा झाला आणि त्यात 'स्वतःचं फूल' या दोन शब्दांवरून एवढे वाद का होतात, ते नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागचं थोडक्यात सांगतो. फुलांचे फोटो काढायची हौस कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. 1850च्या दशकात फ्रान्सच्या अल्सास भागातल्या एका कापडनक्षीकाराने फुलांची सुमारे तीनशे छायाचित्रं काढली. कापडावर छापायच्या नक्षीसाठी कलाकारांना नमुने मिळावेत, हा त्याचा हेतू होता. त्याच दशकात, 1854 साली, मुंबईतही छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली होती. पण त्या काळी फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या छायाचित्रणाच्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लालभडक गुलाब त्यांवर काळा उमटायचा आणि निळं फूल पांढुरकं दिसायचं. लाल गुलाब आणि कॅमेरा यांचं हे वैर पुढे दीडशे वर्षं रूप बदलत राहिलं. त्याकडे पुन्हा येतोच.

प्रदर्शनाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. 1 जुलै 1858 रोजी लंडनमध्ये गुलाबांचं पहिलं मोठं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. त्या काळच्या इंग्रज स्पर्धकांची मांडणी आज विचित्र वाटेल. हिरव्या रंगाच्या लाकडी पेटीत शेवाळ पसरायचं आणि सहा, बारा किंवा चोवीस फुलं ओळीने खोचायची. दांडा, पानं, काटे असं काहीच दिसायचं नाही. दिसायचा तो फक्त फुलाचा चेहरा. पुढे फुलदाणीत दांड्यासकट फूल ठेवायची पद्धत रुळली आणि परीक्षक झाडाच्या तब्येतीकडेही पाहू लागले. अमेरिकी पद्धतीत शंभरपैकी गुण असे वाटले जातात: फुलाच्या ठेवणीला 25, रंगाला 20, दांडा आणि पानांना 20, पाकळ्यांच्या कसाला 15, तोल आणि प्रमाण यांना 10, आकारमानाला 10. आपल्याकडच्या परीक्षकांचे निकषही थोड्याफार फरकाने याच चालीचे असतात. फोटोच्या स्पर्धा आल्या तेव्हा हीच भाषा त्यांच्याकडे वारशाने आली. हायब्रिड टी अर्ध्यापासून पाऊण उमललेलं हवं, मध्य उंच हवा, पाकळ्यांची वळणं सारखी हवीत, बाजूच्या कळ्या वेळीच खुडलेल्या हव्यात. पूर्ण उमललेल्या फुलाच्या वर्गात पुंकेसर ताजे पिवळे हवेत, काळवंडलेले चालत नाहीत. यातला एकही निकष छायाचित्रणाचा नाही, सगळे बागेतले आहेत. आणि तरीही जवळून काढलेल्या फोटोने नकळत त्या जुन्या इंग्रजी पेटीचीच रीत परत आणली. पुन्हा नुसता चेहरा दिसू लागला, दांडा आणि पानं चौकटीबाहेर गेली.

मला जवळून माहीत आहे तो काळ फिल्मच्या शेवटाचा आणि डिजिटलच्या सुरुवातीचा. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म 1935 सालची, म्हणजे रंगीत स्लाइड आपल्याकडे नव्वदच्या दशकात काही नवलाची राहिली नव्हती. पण ती महाग होती आणि चुकीला माफी देत नसे. एका रोलात छत्तीस चित्रं. प्रकाश अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जरी चुकला तरी पांढऱ्या पाकळ्यांच्या शिरा गायब. गुलाबाची सगळी खोली नीट टिपायची तर भिंगाचं छिद्र बारीक ठेवावं लागे, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहणार, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक आली की फूल हललंच. म्हणून सूर्य उगवल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास हीच काय ती वेळ. काळ्या मखमलीचा तुकडा मागे धरायला घरातलं कुणीतरी झोपेतून उठवलेलं असायचं. ऊन चढलं की पांढरी छत्री उघडून तिच्या सावलीत दोन-चार चित्रं आणखी मिळायची, तेवढीच.

रंगांचा त्रास तर वेगळाच. 'ब्लू मून'सारख्या जांभळट फुलाची स्लाइड धुऊन आली की फूल गुलाबी दिसायचं आणि परीक्षक जातीच्या नावाच्या चिठ्ठीकडे संशयाने पाहायचे. यात फोटो काढणाऱ्याचा दोष नसे. काही निळ्या-जांभळ्या फुलांच्या पाकळ्या अगदी गडद लाल टोकाचा प्रकाशही परावर्तित करतात. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ जाणवत नाही, पण फिल्म तो टिपते. 'पापा मेयां'सारखं मखमली गडद फूल नेमकं उलट वागायचं, सावलीचा भाग थेट काळा पडायचा. 'डबल डिलाइट'ची गंमत आणखी वेगळी. तिच्या पाकळ्यांच्या कडा ऊन लागेल तशा लाल होत जातात, त्यामुळे एकाच फुलाचे सकाळचे आणि दोन दिवसांनंतरचे फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. हे ज्याने झाड वाढवलं आहे त्याला पाठ असतं.

डिजिटल कॅमेरे आल्यावर खर्चाची भीती गेली, पण लाल रंगाचं वैर संपलं नाही. प्रकाशमापक सगळ्या रंगांची सरासरी धरून हिशेब करतो. लाल गुलाबात हिरव्या-निळ्याचा वाटा नगण्य असतो, म्हणून यंत्राला वाटतं की दृश्य अंधारं आहे. ते प्रकाश वाढवतं, आणि लालची पातळी काठोकाठ भरून सांडते. पाकळ्यांच्या घड्या, शिरा, मखमलीची लव सगळं एका लाल ठिगळात विरतं. स्क्रीनवर फोटो छान भडक दिसतो, मोठा करून पाहिला की आत काहीच नसतं. जाणते लोक लाल फुलासाठी प्रकाश पाऊण-एक स्टॉप कमी ठेवतात आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे प्रकाशाची पातळी दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखात, लाल रेघ स्वतंत्र बघतात. मोबाइलने या दोषात भरच घातली, कारण तो लाल रंग आपणहून आणखी खुलवून देतो.

आता वादाचा मुद्दा. कापलेल्या फुलांच्या स्पर्धेत फूल स्पर्धकानेच वाढवलेलं असलं पाहिजे, ही अट इतकी गृहीत असते की नवख्यालाही समजावून सांगावी लागत नाही. फोटो विभाग सुरू झाला तेव्हा ती अट त्याला लागू आहे की नाही हे कुणी स्पष्ट लिहिलंच नाही. काही नियमावल्यांत 'स्वतःचं छायाचित्र' असा शब्द आला, काहींत 'स्वतःच्या बागेतील गुलाब', आणि काहींत नुसतं 'गुलाब'. तीन शब्दप्रयोग म्हणजे तीन निराळ्या स्पर्धा. नंतर बऱ्याच ठिकाणी, इथे आणि परदेशातही, 'फोटो तुमचा असला म्हणजे पुरे' असं ठरलं.

त्यामागची कारणं खोटी नव्हती. 'स्वतःची बाग' म्हणजे काय, हेच शहरात सांगता येत नाही. गच्चीवरच्या बारा कुंड्या ही बाग आहेच, पण सोसायटीच्या सामाईक वाफ्यातलं, माळ्याने जोपासलेलं झाड कुणाचं? आजोबांनी डोळा भरून (कलम करून) वाढवलेलं आणि नातवाने फोटो काढलेलं फूल कुणाच्या नावावर? शिवाय युरोपातल्या जुन्या जातींना फुलण्यासाठी कडक थंडी लागते. पुण्यात त्या लावून उपयोग नाही, त्यांचा फोटो सार्वजनिक उद्यानातच मिळणार. चंदीगडचं गुलाबउद्यान 1967 पासून उभं आहे, उटीचं 1995 पासून. तिथे जाऊन मन लावून काम करणारे छायाचित्रकार स्पर्धेबाहेर का ठेवायचे? आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न म्हणजे तपासणार कसं? फोटोला माती लागलेली नसते.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की एकाच फुलाच्या मुख्य वर्गातून ती अट काढणं चूक होतं. कारण परीक्षक ज्याला गुण देतो ते बागकामच असतं. पानावर काळा ठिपका नाही, कारण कुणीतरी महिनाभर रोज पानं उलटून पाहिली. पाकळीच्या कडेला फुलकिड्यांची तपकिरी रेघ नाही, कारण कळी वाटाण्याएवढी असतानाच बंदोबस्त झाला. फूल एकटं आणि भरदार आहे, कारण बाजूच्या कळ्या नखाएवढ्या असताना खुडल्या गेल्या. फोटो या श्रमांची साक्ष आहे. फूल दुसऱ्याचं असेल तर साक्ष खरी असूनही बक्षीस भलत्याला जातं.

अट गेल्यावर काय झालं तेही डोळ्यांसमोर आहे. मावळात, तळेगावच्या आसपास, पॉलिहाउसमधून व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाणारे गुलाब होतात. कळीवर जाळीची टोपी चढवून ती मोठी आणि घट्ट केलेली असते, दांडा सरळसोट. हे फूल बाजारात सहज मिळतं आणि घरच्या खिडकीपाशी त्याचा सुंदर फोटो निघतो. ते शेतकऱ्याचं कौशल्य आहे आणि मला त्याचा पूर्ण आदर आहे, पण गच्चीवरच्या कुंडीतल्या फुलाशी त्याची तुलना करणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

यात जातीच्या नावाची चिठ्ठी बरीच मदत करते, हे नियम करणाऱ्यांच्या उशिरा लक्षात आलं. 'टॉप सिक्रेट', 'ताजमहाल', 'गोल्ड स्ट्राइक' ही नावं वाचली की जाणता परीक्षक पॉलिहाउस ओळखतो. पण चिठ्ठीचाही गुंता आहेच. नर्सरीत रोप बऱ्याचदा 'लाल', 'पिवळा' एवढ्याच नावाने मिळतं. बाजारातला 'ग्लॅडिएटर' सगळ्यांच्या ओळखीचा, पण बाकीच्यांची नावं हस्ते-परहस्ते बदलत जातात. एकाच फुलाला देशोदेशी वेगळी नावंही असतात. 1945 साली अमेरिकेत 'पीस' म्हणून जाहीर झालेला पिवळा-गुलाबी गुलाब फ्रान्समध्ये तो पैदा करणाऱ्याच्या आईच्या नावाने, जर्मनीत 'ग्लोरिया डेई' आणि इटलीत 'जोइया' म्हणून ओळखला जातो. चिठ्ठीवर यांपैकी कुठलं नाव ग्राह्य धरायचं, हे नियमात लिहिलेलं नसलं की बिचाऱ्या स्पर्धकाचे गुण जातात.

2020च्या साथीने या वादाला अचानक धार आली. मांडव पडले नाहीत, बऱ्याच ठिकाणी प्रदर्शनं फोटोंवरच भरली, आणि जोडविभाग एका हिवाळ्यात मुख्य विभाग झाला. ज्यांनी कधी कॅमेरा धरला नव्हता अशा सत्तरीच्या बागायतदारांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवले. त्यांची फुलं उत्तम होती, फोटो साधे होते. बक्षिसं बहुतेक चांगल्या फोटोंना गेली. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

त्यानंतर कामाला नवे प्रश्न जोडले गेले. निरनिराळ्या अंतरावर नजर (फोकस) धरून काढलेली पंधरा-वीस चित्रं एकत्र जोडून पुढच्या पाकळीपासून मागच्या पानापर्यंत सगळं लख्ख दाखवता येतं. याला दुरुस्ती म्हणायचं की तंत्र? मी तंत्र म्हणेन, कारण फूल तेच राहतं. पानावरचा ठिपका पुसणं मात्र वेगळं, तिथे झाडाविषयी खोटं सांगितलं जातं. आणि आता झाड नसतानाच गुलाबाचं चित्र तयार करून देणारी साधनं सगळ्यांच्या हातात आहेत. छायाचित्रस्पर्धांमध्ये विजेत्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागायची पद्धत आहेच, गुलाबाच्या स्पर्धांनीही ती धरावी. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागायला हवी: त्याच सकाळी, थोडं मागे सरकून काढलेला, कुंडी किंवा वाफा, खुंट आणि खालची पानं दिसतील असा झाडाचा एक साधा फोटो.