कॉर्सेट छळासाठी नव्हतं

जुन्या युरोपातल्या कथेवरचा सिनेमा असला की एक प्रसंग ठरलेला: नायिका खांबाला धरून उभी, दासी मागून कॉर्सेटच्या, म्हणजे धडाला घट्ट बसणाऱ्या कडक अंतर्वस्त्राच्या, नाड्या खेचतेय, नायिकेचा श्वास कोंडतोय. त्यावरून समज पक्का झालाय की कॉर्सेट म्हणजे बायकांना जखडण्याचं साधन. बारीक कंबरेसाठी बायका बरगड्या काढून घेत, ही तर निव्वळ कंडी.

कॉर्सेटचं रोजचं काम वेगळंच होतं. छातीला आधार द्यायचा आणि घागऱ्यांचा भार पेलायचा. एकावर एक परकर आणि त्यावर जड घागरा, या सगळ्यांच्या नाड्या कंबरेलाच बांधलेल्या. आत कडक कापड नसेल तर त्या कातडीत रुततात. मोलमजुरी करणाऱ्या बायकाही ते घालून दिवसभर राबत.

सिनेमात ते उघड्या अंगावर दिसतं, हे मला सगळ्यात खटकतं. आत सुती किंवा लिननचा सैल झगा असायचाच. घाम तो टिपे आणि धुतलाही तोच जाई. कॉर्सेट सहसा धुवत नसत.

नाड्या घट्ट ओढण्यालाही मर्यादा होती. नाडीची भोकं आधी फक्त दोऱ्याने शिवलेली असत; जोर लावला की फाटायची. धातूच्या कड्या 1828च्या सुमारास आल्या. पुढे समोरून आकड्यांनी उघडणारी कॉर्सेटं रुळली आणि बाई ती स्वतःच चढवू लागली, दासीशिवाय. अतिघट्ट आवळणाऱ्या बायका होत्या, पण मोजक्याच.