गवती चहाचे आठ कप

बडोद्यात खंडेराव मार्केटच्या बाजूला भाजी घ्यायला गेलं, की फुदिना आणि गवती चहाची पात बऱ्याचदा एकाच जुडीत बांधलेली मिळते. गुजराती भाजीवाली त्या पातीला 'लीली चा' म्हणते, म्हणजे हिरवा चहा. मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांनी या गवताला चहाचं नाव दिलं, पण चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस नावाचं सदाहरित झुडूप. गवती चहा हा ज्वारी आणि ऊस यांच्या कुळातला. तरी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सकाळच्या चहात ही पात नसली, तर चहा झाला असं कोणी मानत नाही.

एका रविवारी माझी वहिनी सहज म्हणाली, "पात उकळताना घातली होती की गॅस बंद केल्यावर, हे मला एका घोटात कळतं."

दादा म्हणाला, "शक्यच नाही. पात तीच, पाणी तेच."

मी रसायनशास्त्र शिकवते. हा वाद नुसत्या बोलण्यावर सोडून देणं माझ्याच्याने होईना. शिवाय त्याच आठवड्यात मी वासाच्या चहाची तीन पाकिटं आणली होती: मोगऱ्याचा हिरवा चहा, अर्ल ग्रे आणि आंब्याच्या स्वादाचा काळा चहा. तिन्ही सुट्या पानांचे. म्हणून आधी ते तिन्ही चाखून बघू, मग वहिनीची परीक्षा, असं ठरलं.

चहा चाखणाऱ्या व्यावसायिकांची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ३१०३ या क्रमांकाची, १९८० साली प्रथम प्रसिद्ध झालेली. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, वरून उकळतं पाणी, झाकण, आणि ६ मिनिटं. चहा उत्तम व्हावा म्हणून हे माप नाही. प्रत्येक चहा सारख्याच कसोटीतून जावा, म्हणजे जो फरक जाणवेल तो पत्तीचाच असेल, एवढाच त्यामागचा हेतू. घरी मी सोनं-चांदी तोलायचा छोटा काटा वापरला. हिरव्या चहाला मात्र उकळतं पाणी घालायला मन धजलं नाही; तापमान जितकं जास्त तितके कडू-तुरट घटक अधिक उतरतात, म्हणून त्याला ८० अंशांच्या आसपासचं पाणी घेतलं. चिवडा-फरसाण त्या सकाळी बंद. आंबटगोड लीलो चिवडा खाल्लेल्या तोंडाने मोगरा शोधायला जाऊ नये.

पहिला घोट प्रत्येकाने नाक दाबून घ्यायचा, असा मी नियम केला. मोगऱ्याचा चहा घेऊन आई म्हणाली, "नुसतं कोमट, जरासं कडू पाणी आहे." मग तिने नाक सोडलं आणि तिचा चेहराच बदलला. घोट गिळून झाला होता, कप टेबलावर होता, तरी मोगरा आला. कुठून? घशाच्या मागून नाकाकडे जाणारी एक वाट आहे. गिळल्यावर जो उच्छ्वास आपण सोडतो, तो तोंडातला वास त्या वाटेने नाकाच्या वरच्या भागात नेतो. तिथल्या पेशींवर सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक असतात. गंधग्राहकांच्या जनुकांचं हे मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं, आणि त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूमची असते तशी रसाळ चव) एवढंच सांगते. मोगरा, आंबा, लिंबू, वेलची हे सारं नाकाचं काम. चहा चाखणारे मोठ्याने भुरका मारतात तोही याचसाठी. भुरक्याने चहाचे बारीक तुषार होतात, हवा मिसळते आणि वास त्या मागच्या वाटेला लवकर लागतो. लहानपणी बशीतून भुरके मारले म्हणून आईने मला दटावलं होतं. या रविवारी तिनेच सगळ्यांत मोठा भुरका मारला.

आणि तुरटपणा? आपल्या षड्रसांत कषाय हा स्वतंत्र रस आहे. आजचं शरीरशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्श मानतं. चहातले पॉलिफिनॉल नावाचे तुरट घटक लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ गालाला खरखरीत लागते. कच्चं केळं, जांभूळ, सुपारी यांचं हेच. दुधातलं केसीन हे प्रथिन त्या पॉलिफिनॉलना आधीच धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. पण दुधातली स्निग्धता सुवासाचे रेणूही धरून ठेवते. सीटीसीच्या, म्हणजे यंत्रात चिरडून दाणे केलेल्या, कडक चहात आलं आणि वेलची दुधाला पुरून उरतात. मोगऱ्याचा चहा मात्र दुधात अक्षरशः बुडतो. दादाने हट्टाने तसा एक कप केला आणि अर्धा टाकून दिला.

मोगऱ्याच्या चहापाशी मला थोडं थांबायचंय, कारण मला तो या साऱ्यांत सर्वांत सुंदर वाटतो. चीनच्या फुच्यान प्रांतातलं फुचौ शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. जॅस्मिन म्हणून जे फूल तिथे वापरतात ते जॅस्मिनम सॅम्बॅक, म्हणजे आपला मोगराच. दुपारी कळ्या खुडतात. खुडल्यावरही त्या जिवंत असतात, संध्याकाळी उमलतात आणि रात्रभर सुगंध तयार करत राहतात. गजरा रात्री जास्त घमघमतो तो यामुळेच. उमलत्या फुलांत हिरवा चहा मिसळून ढीग रात्रभर ठेवतात. वाळलेल्या चहात पाणी अगदी थोडं असतं आणि पान आतून सच्छिद्र, त्यामुळे ते फुलांतला ओलावा ओढतं आणि त्याबरोबर वासही. सकाळी फुलं चाळून काढतात, पान पुन्हा वाळवतात, आणि चांगल्या प्रतीसाठी नव्या फुलांबरोबर हे सारं पुन्हा पुन्हा करतात. उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची चार फुलं टाकणाऱ्या घराला यातलं मर्म सांगायला नको. पाकिटात दिसणाऱ्या वाळक्या पाकळ्या मात्र जवळजवळ शोभेच्याच. त्यांचा गंध केव्हाच पानाने घेतलेला असतो.

वास ओढून घ्यायचा हा गुण पान फुलापुरता राखून ठेवत नाही. हिंगाच्या डबीशेजारी चहाचं उघडं पाकीट ठेवून बघा. आमच्याकडे तसं एकदा झालं आहे, आणि तो चहा कुणालाच पिववला नाही.

अर्ल ग्रेची रीत वेगळी. इटलीच्या कॅलाब्रिया भागात पिकणाऱ्या बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल तयार काळ्या चहावर चढवतात. त्या तेलात लिमोनिन, लिनालिल ॲसिटेट आणि लिनालूल हे सुवासाचे रेणू मुख्य. यातलं लिनालूल लक्षात ठेवण्यासारखं आहे. चहाच्या पानात ते मुळातच असतं, पण साखरेच्या रेणूला बांधलेलं, म्हणून वास येत नाही. पान सुकवताना आणि वळताना पेशी फुटतात, पानातलं विकर (एन्झाइम) त्या साखरेचं बंधन तोडतं आणि लिनालूल मोकळं होतं. चांगल्या काळ्या चहाला जो फुलासारखा वास येतो, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मोगऱ्यातही ते आहे. आणि आपल्या धण्यांच्या तेलाचा तर तो प्रमुख घटक. वहिनीने अर्ल ग्रेचा कप हुंगून "धणे कुटल्यासारखं काहीतरी आहे यात" असं म्हटलं, तेव्हा मला फार आनंद झाला. तिला लिनालूल हा शब्द माहीत नव्हता, नाकाला मात्र त्याचा वास ओळखीचा होता. बर्गामॉट आणि मोगरा चहात उपरे वाटत नाहीत त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं: पानात आधीच त्यांच्या नात्यातलं कुणीतरी आहे.

आंब्याच्या चहाबद्दल थोडक्यात. पाकीट उघडताच खोलीभर आंबा झाला. कपात तो पहिल्या दोन घोटांपुरता होता. कोमट झाल्यावर साधा काळा चहा तेवढा उरला. स्वाद वरून शिंपडलेला असला की वाईटच असतो असं नाही, अर्ल ग्रेही त्याच जातीचा. पण कोरडं पान हुंगून चहा विकत घेऊ नये, हे मला त्या कपाने शिकवलं. निवलेला चहा चाखावा. जे तेव्हाही उरलेलं असतं ते खरं.

आता वहिनीची परीक्षा. यामागे एक जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात म्युरियल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ होत्या, शैवालांच्या अभ्यासक. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. तिथेच काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून एक प्रयोग मांडला आणि १९३५ साली तो आपल्या पुस्तकात घातला: आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने आठही कप बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. निकाल काय लागला, हे फिशर यांनी पुस्तकात दिलंच नाही. त्यांना मांडणी शिकवायची होती.

आम्ही तीच मांडणी घेतली. चहा एकच, साखर नाही, दूध नाही. एका पातेल्यात पात घालून झाकण न ठेवता पाच मिनिटं उकळी. दुसऱ्यात पाणी तितकंच उकळून, गॅस बंद करून, मग पात आणि वर झाकण. आपल्या वैद्यकात पहिल्याला काढा म्हणतात आणि दुसऱ्याला फांट. हा भेद शास्त्राने फार पूर्वी टिपलेला आहे. पातीच्या वासाचा मुख्य रेणू सिट्रल. गवती चहाच्या तेलात तो बहुतेक ७० ते ८० टक्के असतो, आणि लिंबाच्या सालीलाही त्याचाच वास. सिट्रल वाफेबरोबर सहज उडतो. पातीतून तेल काढतात तेही वाफेनेच. उघडं पातेलं पाच मिनिटं उकळणं म्हणजे तेल काढून ते हवेत सोडून देणं. आता प्रश्न एवढाच होता, की कपात उरलेला फरक माणसाला कळण्याइतका आहे का.

रंगाने सुगावा लागू नये म्हणून वहिनीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. कप मी भरले. कोणता कप कसला हे माहीत नसलेल्या आईने ते तिच्या हातात दिले, म्हणजे नकळतसुद्धा कुणाच्या आवाजातून उत्तर फुटायला नको. दोन कपांमध्ये एक घोट साधं पाणी. नाक एकाच वासाला फार लवकर सरावतं आणि मग तो वास त्याला जाणवेनासा होतो, म्हणून मध्ये दोन मिनिटांची विश्रांती.

वहिनीने फांटाचे म्हणून निवडलेल्या चार कपांपैकी तीन बरोबर निघाले, एक चुकला. दादाने "बघा!" म्हटलं आणि आईनेही "बघा!" म्हटलं, दोघांनी आपापल्या अर्थाने. मी हिशेब केला. चारांत किमान तीन बरोबर येण्याचे ७० पैकी १७ प्रकार आहेत, म्हणजे निव्वळ अंदाजानेही साधारण चार वेळांत एकदा इतकं यश मिळू शकतं. वहिनीचा दावा खोटा ठरला नव्हता, पण सिद्धही झाला नव्हता.

एक चूक माझीही होती. घाई करून मी कप फार गरम दिले होते. जीभ पोळत असताना माणूस पोळण्याकडे लक्ष देतो, वासाकडे नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा आठ कप, नव्या चिठ्ठ्या, आणि चहा बेताचा निवू दिलेला. या वेळी आठही बरोबर.

दादाने निमूटपणे सगळे कप विसळले. मी वहिनीला विचारलं, "ओळखलंस कसं?" ती म्हणाली, "उकळलेल्याचा वास घोट घेताना येतो आणि संपतो. दुसऱ्याचा गिळून झाल्यावर परत येतो."

तेव्हापासून आई पातेलं उतरवून मग पात घालते आणि वर झाकण ठेवते. सकाळी जिन्यातच गवती चहाचा वास यायचा, तो आता येत नाही; कप तोंडाशी नेल्यावरच येतो.