नसलेल्या पायाचा अंगठा

रात्री दोन-अडीचला फौजी काकांच्या ओसरीतला दिवा लागला, की समजायचं, काकांचा पाय ठणकतोय. डावा पाय. जो २००२ साली सीमेवर पेरलेले सुरुंग उचलताना गुडघ्याखाली वीतभर सोडून गेला, तोच.

"अंगठा वळते मास्तर," काका मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आम्ही पारावर बसलो होतो. "बुटात पाय कोंबून कोणी अंगठा पिरगाळून रायला, असं वाटते. आता अंगठाच नाई, तर सोडवू काय?"

एवढं एक वाक्य बोलायला त्यांना अकरा वर्षं लागली. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या पलीकडे आमचं गाव. दारूगोळ्याचं मोठं कोठार जवळ असल्यामुळे फौज इथल्या लोकांना परकी नाही. दर पंधरा ऑगस्टला आम्ही काकांना शाळेत बोलावतो, हार घालतो. पण रात्री झोप लागते का, असं कुणी त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, "पायच नाही तर दुखेल कसा? मनातून काढून टाका." त्यानंतर काकांनी तोंड मिटलं ते मिटलंच. काकू तेवढ्या रात्री उठून कोमट तेलानं खुंट चोळायच्या.

ते डॉक्टर चुकले होते, हे मला ठासून सांगायचं आहे. नसलेल्या अवयवाची वेदना हा भास नाही, वेड नाही आणि कमकुवत मनाचं लक्षण तर मुळीच नाही. हात किंवा पाय गमावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसांना ती कधी ना कधी होते. अवयव अजून जागेवर आहे अशी नुसती जाणीव तर बहुतेक सगळ्यांनाच असते. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या सैन्यातल्या आंब्रॉज पारे या शल्यवैद्यानं ती नोंदवून ठेवली होती. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात सायलस वेअर मिचेल हा डॉक्टर त्यांच्या खाटेशी बसून त्यांचं म्हणणं ऐकत राहिला. १८७१ मध्ये त्यानं या प्रकाराला नाव दिलं, त्याचा सरळ अर्थ 'अवयवाचं भूत'. नाव भुताचं असलं तरी या आजाराचा अभ्यास सुरू झाला तो जखमी सैनिकांचं बोलणं कुणीतरी खरं मानलं म्हणून.

मग दुखतं नेमकं कुठे? एक जागा खुंटातच आहे. कापलेल्या नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, टोक गप्प बसत नाही. ते पुन्हा वाढायला बघतं, पण पुढे जायला वाट नसते. मग तंतू एकमेकांत गुंतून त्याची गाठ होते, आणि ती गाठ जरा दाब पडला, गारठा लागला की मेंदूकडे उलटसुलट निरोप धाडते. कण्यातला मज्जारज्जूही त्यात भर घालतो.

दुसरी जागा मेंदू. मेंदूच्या सालीवर, एका कानाच्या वरून डोक्याच्या माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत, एक पट्टा जातो आणि त्यात अख्ख्या शरीराचा नकाशा मांडलेला असतो. कॅनडातले शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी तो जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत शोधला आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. पायाची जागा त्यात अगदी मधोमध, मेंदूच्या दोन अर्धांमधल्या खोबणीत उतरलेली. पाय गेला तरी ही जागा जात नाही. अप्पर वर्धा धरणात ज्यांची गावं गेली त्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून बघा. पाण्याखाली गेलेल्या शेतातला आंबा, विहीर, बांध, सगळं ती बोटानं दाखवल्यासारखं सांगतात. काकांचा मेंदूही त्या अंगठ्याचा ठिकाणा तसाच धरून आहे.

शास्त्रज्ञांचं इथे बरीच वर्षं वेगळं मत होतं. अवयव गेला की नकाशातली त्याची पडीक जागा शेजारचे अवयव बळकावतात आणि त्या गोंधळातून वेदना उठते, असं पुष्कळजण मानत. २०२५ मध्ये केंब्रिज आणि पिट्सबर्गच्या संशोधकांनी एक वेगळं काम प्रसिद्ध केलं. हात कापावा लागणार हे आधीच ठरलेल्या तीन जणांच्या मेंदूचे स्कॅन त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही काढले, काहींचे तर पाच वर्षांपर्यंत. हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा राहिला होता. माणसं तीनच, आणि तेही हाताचे रुग्ण. त्यामुळे वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे तो हाये तिथं. मी खोटा नोतो बोलत."

सुरुंगाच्या जखमेबद्दलही इथे थोडं सांगायला हवं, कारण गावात समज असा असतो की स्फोटात पाय उडाला आणि विषय संपला. माणसासाठी पेरलेल्या लहान सुरुंगात स्फोटक असतं ते जेमतेम तीस-एक ग्रॅम. माणूस मरावा म्हणून तो बनवलेलाच नसतो. एक जण जखमी झाला की त्याला उचलायला दोघं-तिघं अडकतात, असा तो हिशेब. स्फोट बुटाचे तुकडे, माती, गवत, हाडांचे चुरे सगळं वरच्या दिशेनं पोटरीच्या मांसात घुसवतो. वरून कातडी धड दिसते आणि आत घाण दूरवर गेलेली असते. म्हणून डॉक्टरांना पाय दिसतो त्याहून वर कापावा लागतो, आणि कधी एकदा कापून भागत नाही. काकांवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. कापण्याआधी फार वेदना सोसलेल्या माणसाला पुढे नसलेल्या अवयवाच्या वेदनेचा धोकाही जास्त असतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

नकली पाय त्यांना पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात मिळाला. हे सैन्याचं केंद्र १९४४ पासून चालू आहे. पाय उत्तम, पण तो चालवायचा होता आमच्या काळ्या मातीत. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि पावलाला गच्च धरते. पाय उचलावा तर सॉकेट, म्हणजे नकली पायाची खुंट बसवायची वाटी, खुंटावरून सुटायला बघतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आत घामाचं तळं होतं, कातडी सोलवटते. गुडघ्याखालचा नकली पाय वापरणाऱ्याला तेवढंच अंतर चालायला धडधाकट माणसापेक्षा साधारण पाव पट जास्त ताकद लागते, गुडघ्याच्या वरचा असेल तर त्याहून कितीतरी अधिक. खुंटाचा आकारही दिवसभरात बदलतो, म्हणून काका तीन-तीन मोजे जवळ ठेवतात. सकाळी एक, दुपारी दोन. काकूंच्या वाळवणाच्या दोरीवर ते पांढरे, बोटं नसलेले, पिशवीसारखे मोजे कायम लटकलेले असतात. कपाशीच्या वेचणीला काका अजूनही जातात, फक्त सरी संपली की बांधावर बसून पाय काढून ठेवतात आणि खुंटाला वारा देतात.

पारावर बोलले त्याच्या आठवडाभर आधी एक गोष्ट घडली होती. पेन्शनच्या कागदासाठी काका वर्ध्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले होते. तिथे बाकावर शेजारी एक अनोळखी माजी सैनिक बसलेला, त्याचाही पाय नकली. नाव-गाव विचारायच्या आधी त्या माणसानं विचारलं, "तुमचा अंगठा वळते का हो?" काका सांगतात, ते ऐकून छातीवरचा धोंडा कोणी उचलल्यासारखं झालं. त्या माणसाकडूनच त्यांना आरशाची माहिती मिळाली.

आरशाची ही युक्ती विलयानूर रामचंद्रन या मूळच्या तमिळनाडूतल्या मेंदूशास्त्रज्ञाची, १९९० च्या दशकातली. धडधाकट पाय आणि खुंट यांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, असा की शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसावं. मग चांगला पाय हळूहळू हलवायचा, बोटं उघडायची-मिटायची, आणि नजर आरशावर ठेवायची. मेंदू इतकी वर्षं 'अंगठा सरळ कर' असा हुकूम सोडत होता आणि उलट काहीच खबर येत नव्हती. आता डोळे सांगतात की अंगठा हलला. अनेकांची मूठ, अनेकांचा वळलेला पाय अशा वेळी सैल पडतो.

याची नेटकी परीक्षा झाली तीही सैनिकांवरच. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या अभ्यासात, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, पाय गमावलेल्या अठरा जणांनी महिनाभर रोज पंधरा मिनिटं सराव केला. सहा जणांनी आरशात बघून, सहांनी झाकलेल्या आरशासमोर, तर सहांनी डोळे मिटून नुसती कल्पना करून. आरशाच्या गटातल्या सहाही जणांची वेदना कमी झाली. झाकलेल्या आरशाच्या गटात एकाचीच. नुसती कल्पना करणाऱ्या सहांपैकी चौघांचं दुखणं उलट वाढलं. पुढच्या मोठ्या पाहण्यांत फायदा इतका ठळक दिसलेला नाही आणि हा उपाय सगळ्यांना लागू पडतो असंही नाही. पण आरशाला खर्च कितीसा येतो? आमच्या न्हाव्याच्या दुकानातला, कोपऱ्याला तडा गेलेला जुना आरसा काकांनी मागून आणला. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत समजून घेतली. पहिल्या दिवशी काकांनी आरशात दोन पाय बघितले आणि ते रडले. काकूंनी आरसा उचलायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा दिवा रोज लागेनासा झाला. आजही महिन्यातून दोन-तीनदा लागतो, विशेषतः आभाळ भरून आलं की.

पण काकांना फक्त पायच त्रास देत नव्हता. आमच्याकडे रात्री शेतात रोही आणि रानडुकरं पिटाळायला सुतळी बॉम्ब फोडतात. तो आवाज झाला की काका झोपेत जमिनीवर आडवे व्हायचे. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, धोक्याची घंटा वाजवणारा. भयंकर प्रसंगानंतर ती घंटा इतकी हळवी होते की आवाज, वास, उकरलेल्या मातीचा ढिगारा, काहीही पुरतं. आठवण ही आठवण राहत नाही, तो प्रसंग आत्ता, इथे घडू लागतो. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांचा धक्का म्हणून, आणि कित्येकदा भित्रेपणा म्हणून, जे बघितलं गेलं, त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० मध्ये.

त्यावरच्या चांगल्या तपासलेल्या उपचारांपैकी एकाचा गाभा आहे सांगणं. प्रशिक्षित माणसासमोर, सुरक्षित जागी, तोच प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत, तपशिलासकट, पुन्हा पुन्हा. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते की हे घडून गेलं, आता मी ओसरीत आहे. मात्र एक इशारा तितकाच महत्त्वाचा. प्रसंग घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून एकदाच जबरदस्तीनं बोलतं केल्यानं फायदा होत नाही, काहींचं नुकसानही होतं, असं अशा प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणात आढळलं. तेव्हा सत्काराच्या मंचावर माइक हातात देऊन "सांगा, कसा उडाला पाय?" असं विचारू नये. मी स्वतः हे शाळेत केलेलं आहे आणि काका तेव्हा का अडखळले ते मला आता कळतं. वेळ सांगणाऱ्यानं ठरवायची. घरात कुणी असं आतून झुरत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

आघातानंतर माणूस सावरेल की नाही, याचा अंदाज ज्या गोष्टींवरून बांधता येतो त्यांत एक फार वजनदार आहे, ती म्हणजे पुढच्या काळात त्याला आधार किती मिळाला. जखम केवढी होती यापेक्षाही कधी कधी तिचं वजन जास्त भरतं. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर खुकरीनं स्वतःचा चिंधड्या झालेला पाय कापणारे मेजर जनरल इयान कार्डोझो पुढे पायदळाच्या पलटणीचे प्रमुख झाले. हे आपल्याला माहीत आहे ते त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं सांगितलं म्हणून. सांगणाऱ्याचं ओझं उतरतं ते वेगळं, ऐकणाऱ्या जखमी माणसाला पुढचा रस्ता दिसतो ते वेगळं.

काकांच्या ओसरीत आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार-पाच जण जमतात. मागच्या वर्षी त्यांत एक तरुण जवान आला, गडचिरोलीच्या जंगलात सुरुंगस्फोटात दोन्ही पाय गमावलेला. पहिले दोन रविवार तो एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या खेपेला काकांनी आरसा काढला तसा तो म्हणाला, "माझ्या काय कामाचा काका? दाखवाले एक पाय तर पायजे."

याचंही उत्तर वॉल्टर रीडच्याच डॉक्टरांनी शोधलं आहे. दोन्ही पाय गेलेल्या वीस सैनिकांवरचा अभ्यास, २०१४ सालचा. समोर दुसऱ्या माणसानं आपले पाय हलवायचे, आणि रुग्णानं ते बघत बघत आपले नसलेले पाय मनानं तसेच हलवायचे. ज्या गटानं हे केलं त्याची वेदना एवढ्यानंही कमी झाली होती. दुसऱ्याला हालचाल करताना बघतानाही आपल्या मेंदूतल्या हालचालीच्या जागा जाग्या होतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काकांनी नुसती मान हलवली.

त्या दिवशी त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि खाटेवर पाय लांब केला. नांगरटीनं भेगाळलेली टाच, नख काळं पडलेला अंगठा. डावीकडे माझा पाय ठेवला, कारण काकांकडे एकच होता. आम्ही दोघं बोटं मिटत होतो, उघडत होतो. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. पोरगा आमच्या पायांकडे टक लावून बघत होता, त्याच्या कपाळावर घाम आला होता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काका, जरा हळू. माझा अंगठा मागं राहून रायला."

काकांनी पाय हळू केला.