हवाईत समुद्राकाठची मासेमारी सगळ्यांना खुली झाली कशी

हवाईत राहणाऱ्या माणसाला समुद्रात गळ टाकायला लायसन लागत नाही. मासे विकायचे असतील तर लागतं, गोड्या पाण्यात धरायचे असतील तरी लागतं, पण शनिवारी संध्याकाळी काठी, आइसबॉक्स आणि फोल्डिंग खुर्ची घेऊन खडकावर बसायला कोणाला विचारावं लागत नाही. तिथले लोक हे इतकं गृहीत धरून चालतात की बाहेरच्याला वाटतं हे हजार वर्षं असंच चालू असणार. आजोबांपर्यंत ते खरंच आहे, पण पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात गेलात तर प्रकरण बरोबर उलटं निघतं, आणि आज तिथे मासेमारीच्या नियमांवरून जी भांडणं होतात ती कळायला हा उलटा इतिहास माहीत असावा लागतो.

जुन्या हवाईत जमीन डोंगरापासून समुद्रापर्यंत पट्ट्यांत वाटलेली असायची. एका पट्ट्याला आहुपुआआ म्हणायचे आणि तो किनाऱ्यावर संपत नव्हता, पुढे पाण्यात प्रवाळाच्या कडेपर्यंत जायचा, म्हणजे समोरचं उथळ पाणीसुद्धा त्या गावाचंच. त्यावर सरदाराचा कारभारी, कोनोहिकी, लक्ष ठेवून. कुठला मासा कधी धरायचा, कधी बंद, हे तो ठरवणार आणि बंदीला कापू म्हणायचे. ओपेलू आणि आकू या दोन माशांचं उदाहरण प्रसिद्ध आहे, सहा महिने एक बंद तर दुसरा चालू आणि मग उलट. मोई हा मासा तर सरदारांचाच, सामान्य माणसाने खायचाच नाही. मोई म्हणजे आपल्या रावसाच्या कुळातला मासा, त्यामुळे तो राजेलोकांनी स्वतःसाठी का ठेवला असेल हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कापू मोडला तर शिक्षा कडक, अगदी जीव जाण्यापर्यंत. त्यामुळे या व्यवस्थेला नुसतं निसर्गप्रेम म्हणून मिरवणं मला पटत नाही, त्यात सत्ता होती आणि भीतीही होती. पण मासे टिकत होते हेही खरंच. आणि धरणारी माणसं कसलेली होती. बिग आयलंड या सगळ्यात मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकाला, का लाए इथे, 1950 च्या दशकात बिशप म्युझियमच्या लोकांनी उत्खनन केलं तेव्हा गळांचा ढीगच सापडला, हाडाचे, शिंपल्याचे, इतके की गळांच्या आकारावरून काळाचा क्रम लावायचा प्रयत्न त्यांनी केला. दोरी ओलोना नावाच्या झाडाच्या सालीची, आणि ती खाऱ्या पाण्यात भलतीच टिकाऊ.

1819 मध्ये पहिला कामेहामेहा गेला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा लिहोलिहो बायकांच्या पंगतीला जेवायला बसला. पुरुषांनी बायकांबरोबर जेवायचं नाही हाच मोठा कापू होता, तो राजानेच मोडल्यावर बाकीचा धार्मिक डोलारा कोसळला. पाण्यावरचा सरदारांचा हक्क मात्र तसाच राहिला, फक्त आता तो कागदावर आला. 1839 मध्ये तिसऱ्या कामेहामेहाने कायदा केला की खोल समुद्र सगळ्यांचा आणि प्रवाळाच्या आतलं पाणी कोनोहिकीचं आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या रयतेचं. कोनोहिकीने एखादा मासा स्वतःसाठी राखून ठेवायचा, किंवा रयतेशी बोलून काही महिने बंदी घालायची आणि मग धरलेल्यातला तिसरा हिस्सा घ्यायचा. बाहेरगावचा माणूस येऊन त्या पाण्यात गळ टाकू शकत नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवा.

1898 मध्ये अमेरिकेने हवाई ताब्यात घेतलं आणि हवाईचा कारभार ठरवणाऱ्या 1900 च्या ऑरगॅनिक अ‍ॅक्टमध्ये दोन छोटी कलमं टाकली, 95 आणि 96. भरती-ओहोटीच्या पाण्यात कोणाचीही मक्तेदारी नको हा अमेरिकन विचार, तोच इथे लावला. खासगी मत्स्यहक्क रद्द, ज्यांचे हक्क आधीपासून पक्के आहेत त्यांनी दोन वर्षांत कोर्टात जाऊन सिद्ध करावेत, आणि सिद्ध झालेले हक्कसुद्धा सरकार पैसे देऊन काढून घेऊ शकेल. झालं काय की शंभरेक ठिकाणचे हक्क नोंदले गेले आणि बाकी शेकड्याने तसेच बुडाले. ओआहू बेटावरच्या मोआनालुआ या आहुपुआआच्या मालकाने, सॅम्युएल डेमनने, प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नेलं आणि 1904 मध्ये जिंकलाही. जज होम्स यांनी लिहिलं तो निकाल. पण गावच्या कोळ्याला कोर्ट परवडत नव्हतं, त्यामुळे बहुतेक किनारा एका फटक्यात सगळ्यांचा झाला, आणि सगळ्यांचा झाला म्हणजे राखणारा कोणी उरला नाही.

आता गंमत बघा, नेमकं याच सुमाराला किनाऱ्यावर नवीन माणसं आली होती. 1885 पासून जपानी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत यायला लागले, आठवडाभर ऊस तोडायचा आणि सुट्टीला बांबूची काठी घेऊन समुद्रावर, कारण ताटात मासा पाहिजे आणि पगार तुटपुंजा. हवाईच्या पोस्टकार्डांवर कमरेला लंगोटी लावलेला माणूस गोल जाळं फेकताना दिसतो ना, आपल्याकडे ज्याला पाग म्हणतात तसं जाळं, ते पण 1890 च्या आसपास जपान्यांनीच आणलेलं. टुरिस्ट त्याला प्राचीन हवाईयन कला समजून फोटो काढतात.

काठीवाल्यांचं खरं वेड मात्र उलुआ. आपले गळवाले ज्याला जीटी म्हणतात तोच जायंट ट्रेव्हली, पिल्लू असेल तर पापिओ आणि मोठा झाला की उलुआ, आणि शंभर पौंडाच्या वरचा धरलेला माणूस त्या वर्तुळात कायमचा ओळखला जातो. यासाठी तिथे स्लाइड-बेट नावाची पद्धत चालते: लांबलचक काठीने आधी नुसतं वजन फेकायचं, ते तळाच्या खडकात रुतून बसलं की त्याच ताणलेल्या दोरीवरून गळ आणि आमिष, बहुतेक वेळा वाम किंवा ऑक्टोपस, घसरत खाली सोडायचं, काठीच्या टोकाला घंटी बांधायची आणि रात्रभर वाट बघायची. मासा लागला की वजनाची कच्ची दोरी तुटते आणि मासा मोकळा लढतो. ओआहूच्या हालोनाजवळ खडकाची एक कड आहे, तिथे इतक्या काठ्या ओळीने लागायच्या की तिचं नावच बांबू रिज पडलं.

पण ही जागा माणसं खाते. लाट येते आणि उभ्या माणसाला उचलून नेते. 1929 मध्ये होनोलुलू जॅपनीज कास्टिंग क्लब निघाला आणि त्या लोकांनी 1930 च्या दशकात दोन कामं केली, धोक्याच्या खडकांवर जपानी अक्षरात इशारा कोरलेले काँक्रीटचे खांब उभे केले आणि हालोनाला समुद्रावर लक्ष ठेवणारी मूर्ती बसवली. दुसऱ्या महायुद्धात, जपानी काहीही दिसलं की लोकांचं डोकं फिरायचं त्या दिवसांत, ती मूर्ती गेली. नंतर त्याच जागी दगडावर जिझोची, म्हणजे जपानी बौद्धांच्या रक्षक देवाची, आकृती कोरली, ती अजून आहे. सरकारने काही करायच्या आधी हौशी गळवाल्यांनी स्वतः वर्गणी काढून सेफ्टीचं काम केलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात आवडणारं पान वाटतं. युद्धाची वर्षं तशीही कोरडीच गेली, वायकिकीला काटेरी तारा, रात्री ब्लॅकआउट आणि कर्फ्यू, जपान्यांच्या सांपान होड्या जप्त, मग रात्रीचा उलुआ कुठला धरणार.

युद्धानंतर नायलॉनची दोरी आली, फायबरग्लासच्या काठ्या आल्या, गाड्या आल्या, आणि ज्या खडकावर पूर्वी चालत जायला अर्धा दिवस लागायचा तिथे जीपने माणसं पोचायला लागली. किनाऱ्याचे मासे कमी व्हायला लागले. त्यावर सरकारने उपाय काय केला, तर बाहेरून मासे आणले! 1950 च्या दशकात फ्रेंच पॉलिनेशियातून रोई आणि ताआपे आणून सोडले, ताआपे तर तीन हजारांच्या आसपासच, आणि ते सगळ्या बेटांवर पसरले. रोई खाऊन सिग्वातेराची, म्हणजे माशाच्या अंगात साठलेल्या विषाची, बाधा होते म्हणून लोक तो खायला घाबरतात, त्यामुळे तो मजेत वाढतो आणि लहान मासे गिळतो. आता त्याला भाल्याने मारायच्या स्पर्धा भरवतात.

मग हळूहळू बंदी परत आली, फक्त कोनोहिकीच्या जागी सरकारी खातं. 1967 मध्ये हनाउमा बे हे पहिलं राखीव क्षेत्र झालं. मोई जून ते ऑगस्ट बंद आणि एरवी 11 इंचांखालचा सोडून द्यायचा, आमाआमा म्हणजे बोईच्या जातीचा मासा डिसेंबर ते मार्च बंद. 2007 मध्ये पाण्यात लावून ठेवायच्या जाळ्यांवर मर्यादा आली, 125 फुटांपेक्षा लांब नको, चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि माउईवर तर पूर्ण बंद. प्रत्येक वेळी मीटिंगला गळवाले चिडून येतात, की आमचा हक्क काढून घेताय. पण 1900 च्या कायद्याने मिळालेला खुला हक्क आणि मूळ हवाईयन लोकांचा परंपरेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा हक्क 1978 मध्ये राज्यघटनेत शिरला, आणि बऱ्याच ठिकाणी हवाईयन गावंच म्हणतात की आमच्या पाण्यावर नियम आम्हाला करू द्या.

त्यासाठी 1994 मध्ये कायदा झाला, गावाने स्वतःच्या पाण्याचे नियम सुचवायचे. मोलोकाईच्या मोओमोमीला प्रयोग करून बघितला, पण पक्के नियम लागू झालेलं पहिलं गाव कौआईवरचं हाएना, तेही 2015 मध्ये. मिलोलिईला 2022 उजाडलं. काऊपूलेहूच्या लोकांनी वेगळी वाट धरली, 2016 पासून दहा वर्षं तिथल्या प्रवाळावर जवळपास सगळीच मासेमारी थांबवायची असं ठरवून घेतलं.

आणि लायसन? 2021 मध्ये कायदा झाला, पण फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी, एका दिवसाला 20 डॉलर, आठवड्याला 40, वर्षाला 70. स्थानिकांना लायसन लावायचा विषय निघाला की पुढारी अंग काढून घेतात, त्यामुळे काठावर बसून नेमकी किती माणसं किती मासे नेतात याचा हिशोब अजूनही सर्व्हेच्या अंदाजावरच चालतो.