ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन परत का येतो

ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन म्हणजे कारखान्याच्या आवारात अपघात झाला तर कोणी काय करायचं याचा लेखी आराखडा. तो तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून त्रुटी काढून परत आला की बहुतेक कारखाने त्यात नकाशे आणि तक्ते वाढवून पुन्हा पाठवतात. खरी उणीव बहुधा सुरुवातीच्या पानांतच असते: अपघात झाला तर हुकूम कोणाचा चालणार, हेच त्यातून कळत नाही. त्रुटीपत्रही मदत करत नाही. 'अनुसूची ११ नुसार अपूर्ण' एवढंच लिहून येतं (अनुसूची ११ म्हणजे प्लॅनमध्ये काय काय हवं याची नियमांतली यादी). नेमका कोणता मुद्दा अपूर्ण, हे सांगायला एक ओळ जास्त लागली असती.

आधी प्लॅन कोणाला लागतो ते पाहू. घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीच्या १९८९ च्या नियमांत रसायनागणिक मर्यादा दिल्या आहेत. क्लोरीनला १० टन, अमोनियाला ६० टन. तेवढा साठा असेल तर नियम १३ प्रमाणे प्लॅन बंधनकारक आहे. क्लोरीन २५ टन किंवा अमोनिया ६०० टन झाला की सुरक्षा अहवालही द्यावा लागतो. क्लोरीनच्या एका टोनरमध्ये (मोठ्या सिलिंडरमध्ये) साधारण ९०० किलो वायू असतो, म्हणजे बारा भरलेले टोनर ठेवणारं जलशुद्धीकरण केंद्रही यात आलं. एकाच मालकाची दोन युनिटं ५०० मीटरपेक्षा जवळ असतील तर दोन्हीकडचा साठा एकत्र मोजायचा. 'प्रत्येक प्लॉटवर सातच टन आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

नवीन कारखान्याने प्लॅन उत्पादन सुरू होण्याआधी तयार ठेवायचा असतो. कारखान्याच्या जागेची लेखी सूचना प्राधिकरणाला उत्पादनाच्या तीन महिने आधी, सुरक्षा अहवाल ९० दिवस आधी. परवाना हातात आल्यावर ही कागदपत्रं करायला बसलात तर मुदत केव्हाच गेलेली असते.

आता नावांचं पान. जागेवरच्या सुरक्षेला जबाबदार कोण आणि प्लॅनप्रमाणे कारवाईचा अधिकार कोणाकोणाला, ही नावं नियमातच मागितली आहेत. 'फॅक्टरी मॅनेजर' हे पद झालं, नाव नव्हे. दोन भूमिका वेगळ्या ठेवा. घटना नियंत्रक प्रत्यक्ष गळतीच्या किंवा आगीच्या ठिकाणी उभा राहून माणसं हलवतो, व्हॉल्व्ह बंद करवतो. मुख्य नियंत्रक नियंत्रण कक्षात बसून अग्निशमन दल, रुग्णालय आणि जिल्हा प्रशासनाशी बोलतो. मुख्य नियंत्रकच आगीकडे धावला तर फोन उचलणारा कोणी उरत नाही आणि बाहेरून आलेल्या बंबाला कुठे जायचं ते गेटवर कोणी सांगत नाही.

या पानाची खरी परीक्षा रात्री दोन वाजता होते. मुख्य नियंत्रक म्हणून जनरल मॅनेजरचं नाव असतं, कारखाना तारापूरला आणि साहेब राहतात ठाण्यात. म्हणून प्रत्येक शिफ्टसाठी दोन्ही भूमिकांना पर्यायी माणूस नावानिशी लिहा. मुख्य नियंत्रक पोहोचेपर्यंत त्याचे अधिकार शिफ्ट इनचार्जकडे राहतील, हे वाक्य स्पष्ट घाला. कोणालाही न विचारता सायरन वाजवण्याचा आणि प्लांट बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. कृपा करून यात कंजूषी करू नका. वरून परवानगी येईपर्यंत गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत. शिवाय एका माणसाला एकाच वरिष्ठाचा हुकूम, आणि एकाच्या हाताखाली पाच-सात जणांपेक्षा जास्त नकोत.

गळती कुंपणाबाहेर गेली की ऑफ-साइट प्लॅन (बाहेरच्या परिसरासाठीचा आराखडा) लागू होतो आणि सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. तेव्हा त्यांना माहिती देणारा तुमचा एकच माणूस ठरलेला हवा. कोणतं रसायन, किती, वारा कुठे, हे तो सांगेल. त्याच्याकडे जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि जवळच्या एमआयडीसी अग्निशमन केंद्राचा थेट नंबर असावा. शेजारच्या कारखान्याची मदत गृहीत धरली असेल तर त्यांचं सहीचं पत्र जोडा. नुसतं 'परस्पर सहकार्य' लिहून भागत नाही.

असेंब्ली पॉइंट (अपघाताच्या वेळी सगळ्यांनी जमायची जागा) एकच दाखवलेला प्लॅन सर्रास दिसतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात रात्री उलट दिशेने. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो. वेगवेगळ्या दिशांना निदान दोन जागा हव्यात आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दोन्हीकडून दिसला पाहिजे. हजेरी घेणाऱ्याकडे कंत्राटी कामगार, ड्रायव्हर आणि पाहुण्यांचीही त्या दिवसाची यादी हवी, कारण मोजणीत सुटतात ते हेच लोक. सूचना त्यांना समजेल त्या भाषेत लावा. नियमाप्रमाणे जागेवरच्या प्रत्येक संबंधित माणसाला प्लॅनची माहिती असणं बंधनकारक आहे.

मॉक ड्रिलच्या, म्हणजे प्लॅनच्या सरावाच्या, बाबतीत नियमातल्या 'दर सहा महिन्यांनी' याचा अर्थ 'वर्षातून दोनदा, जमेल तेव्हा' असा लावला जातो. मार्चच्या सुरक्षा सप्ताहात एक, एप्रिलमध्ये दुसरी, मग वर्षभर शांतता, हे चालत नाही. दोहोंपैकी एक रात्रपाळीत घ्या. अहवालात सायरन किती वाजता झाला, शेवटचा माणूस किती वाजता पोहोचला आणि काय चुकलं ते लिहा. 'समाधानकारक' एवढ्या एका शब्दाचा अहवाल कोणाच्याच उपयोगाचा नाही.

माणूस बदलला, टाकी वाढली, रसायन बदललं की प्लॅन लगेच सुधारा. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा नंबर तसाच राहणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. मोठा अपघात झालाच तर ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला कळवावं लागतं. त्यानंतरचा अपघाताचा अहवाल अनुसूची ६ च्या नमुन्यात द्यायचा असतो. कोरा नमुना प्लॅनला जोडून ठेवा आणि तो भरणाऱ्याचं नावही त्याच पानावर लिहा.