लंडनमधली खोली आणि हमीदाराचा प्रश्न

लंडनच्या विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं, कर्ज मंजूर झालं, व्हिसाही लागला, तरी पुण्या-नागपूरहून निघालेल्या विद्यार्थ्याचा एक प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो: राहायचं कुठे? खाजगी खोली बघायला जावं तर एजंट आधी हमीदार मागतो. भाडं थकलं तर भरून देईल असा, ब्रिटनमध्येच राहणारा, तिथे पुरेसं उत्पन्न असलेला माणूस. असा कुणी नसेल तर सहा महिन्यांचं, कधी वर्षभराचं भाडं आगाऊ मोजा, अशी रीत पडून गेली होती. ज्याच्यावर ही वेळ येते त्याला ती आपली एकट्याची अडचण वाटते. प्रत्यक्षात तिला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: या परक्या मुलाच्या वतीने शब्द कोण टाकणार?

ऑक्सफर्ड-केंब्रिजचा विद्यार्थी कॉलेजातच राहायचा. लंडनचं तसं नव्हतं. तिथे शिकायला आलेला मुलगा एखाद्या घरमालकिणीकडे खोली घ्यायचा आणि न्याहारी व रात्रीचं जेवण तिच्याच टेबलावर. गांधीजी १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला आले, तेव्हा आधी महागड्या हॉटेलात उतरले होते. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी त्यांना सल्ला दिला, की एखाद्या इंग्रज कुटुंबात राहा, इथल्या रीती तिथेच शिकाल. पण पोटाचं काय? शाकाहारी माणसाला घरमालकीण काय वाढणार, हे तिलाही कळत नव्हतं आणि त्यालाही. ओळख नसताना चांगलं घर मिळायचं नाही. ओळख करून देण्याचं काम नॅशनल इंडियन असोसिएशनसारख्या संस्था करायच्या. मेरी कार्पेंटर यांनी ती १८७० मध्ये ब्रिस्टलला सुरू केली होती.

सरकारी वर्तुळात ऊठबस असलेल्या अशा संस्थांचा आधार घ्यायचा, तर त्यांच्या मर्जीत राहावं लागे. ही कोंडी फोडायला श्यामजी कृष्णवर्मांनी १ जुलै १९०५ रोजी हायगेटमधल्या ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू इथे इंडिया हाउस उघडलं. आपण त्या घराकडे क्रांतिकारकांचं केंद्र म्हणून पाहतो आणि ते खरंच आहे. पण ते आधी विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं, सुमारे पंचवीस जणांची सोय असलेलं, हे विसरून चालणार नाही. १९०६ मध्ये टिळकांच्या शिफारशीने श्यामजींची शिष्यवृत्ती मिळवून सावरकर लंडनला आले आणि तिथेच राहिले. परक्या शहरात कुणाची परवानगी न मागता एकत्र बसता येईल, आपल्या भाषेत बोलता येईल अशी जागा मिळाली, तर मुलं काय काय विचार करू लागतात, ते त्या घराने दाखवून दिलं.

ब्रिटिश सरकारनेही ते पाहिलं. भारतीय विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करायला १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल तेव्हा प्रसिद्धही केला नाही. १९०९ मध्ये इंडिया ऑफिसने, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याने, विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय काढलं आणि टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमलं. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी इंडिया ऑफिसमधला अधिकारी कर्झन वायली याच्यावर गोळ्या झाडल्या आणि इंडिया हाउसचे दिवस संपले. पुढच्याच वर्षी हे सरकारी कार्यालय दक्षिण केन्सिंग्टनमधल्या २१, क्रॉमवेल रोड इथे गेलं. (नावं सारखी असली तरी हायगेटचा क्रॉमवेल ॲव्हेन्यू शहराच्या दुसऱ्या टोकाला.) नव्याने आलेल्या मुलांसाठी तिथे काही खोल्या होत्या, राहण्याच्या जागांची माहिती मिळत होती, विद्यापीठांसाठी शिफारसही होत होती. सोय खरी होती. पण आपल्यावर नजर ठेवायलाच ही जागा काढली आहे, अशी शंका अनेक विद्यार्थ्यांना होती, आणि आधीच्या घटना पाहता ती अवाजवी म्हणता येत नाही. छप्पर देणारा आणि पाळत ठेवणारा एकच असेल, तर गरजू मुलाने करायचं काय?

हे केवळ भारतीयांच्या वाट्याला आलं असं नाही. पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे लाडिपो सोलांके यांनी मायदेशी फिरून वर्गणी जमवली आणि १९३३ मध्ये लंडनच्या कॅम्डन रोडवर स्वतःचं वसतिगृह उघडलं. १९३४ मध्ये कलोनियल ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश वसाहत खात्याच्या, पाठबळाने ॲग्री हाउस हे वसतिगृह सुरू झालं, तेव्हा ते आपल्याला ताब्यात ठेवण्यासाठीच आहे असं म्हणत या विद्यार्थ्यांनी त्याला विरोध केला.

सरकारी वसतिगृह आणि चळवळीचं घर या दोन्हींच्या मधली वाट भारतातल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे नेते के. टी. पॉल यांना सापडली. १९२० मध्ये त्यांनी ब्लूम्सबरीतल्या शेक्सपिअर हट या युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या लाकडी इमारतीत इंडियन वायएमसीए सुरू केलं. भारतीयांनी चालवलेलं, भारतीय जेवण देणारं हे वसतिगृह पुढे गावर स्ट्रीटवर गेलं. तिथली जागा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेली. फिट्झरॉय स्क्वेअरमधली आजची इमारत राल्फ टब्ज यांनी आखलेली, १९५० च्या दशकातली. किती पिढ्यांनी लंडनमधलं पहिलं वरण-भात तिथे खाल्लं असेल!

१९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. हाताशी पैसे बेताचेच. घरमालकिणीकडचं तुटपुंजं खाणं आणि दिवसभर ग्रंथालय, असा त्यांचा क्रम होता. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. त्याला संग्रहालय म्हणून परवानगी द्यायला कॅम्डनच्या स्थानिक प्रशासनाने नकार दिला, आणि त्यातलं एक कारण होतं राहत्या घराची जागा कमी होते हे. २०२० मध्ये ब्रिटनच्या केंद्र सरकारने परवानगी दिली. लंडनमधल्या घरटंचाईचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

युद्धानंतर अडसर उघडउघड रंगाचा झाला. खोल्यांच्या जाहिरातींत आणि दुकानांच्या काचांवरच्या चिठ्ठ्यांत ‘कलर्ड लोक नकोत’ असं सरळ लिहिलेलं असे. फोनवर खोली रिकामी असायची आणि दार उघडल्यावर ती नुकतीच गेलेली असायची. १९६५ चा वंशसंबंध कायदा सार्वजनिक जागांपुरता होता, घरभाडं त्यात नव्हतं. ते १९६८ च्या कायद्यात आलं. पण घरमालक स्वतः त्याच घरात राहून काही भाग भाडेकरूंबरोबर वाटून घेत असेल, तर छोट्या घरांना सूट ठेवली गेली. विद्यार्थी नेमके अशाच घरांत राहत होते. ज्यांना या कायद्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्या दारापर्यंत तो पोहोचलाच नाही.

पुढचा बदल पैशाने घडवला. १९८० पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल होऊ लागला, म्हणजे विद्यापीठांसाठी ते उत्पन्नाचं साधन झाले. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने नव्या भाडेकरारांवरचं भाडेनियंत्रण जवळजवळ उठवलं. अल्प मुदतीचे करार रूढ झाले, जागा घेऊन भाड्याने देणं हा धंदा झाला. १९९१ मध्ये ब्रिस्टलमध्ये युनाइट ही कंपनी निघाली आणि केवळ विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या खाजगी इमारतींचं नवं क्षेत्र वाढत गेलं. घरमालकीण, तिची न्याहारी, तिचे नियम मागे पडले. त्यांची जागा ऑनलाइन अर्ज, डिपॉझिट आणि हमीदाराच्या रकान्याने घेतली.

मग घरमालकावर सरकारने आणखी एक काम टाकलं. भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे का, हे तपासण्याचं. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यातली ही ‘राइट टू रेंट’ तपासणी फेब्रुवारी २०१६ पासून इंग्लंडभर लागू झाली. चूक झाली तर दंड, म्हणून कटकट नको म्हणत परदेशी अर्जदारालाच टाळण्याकडे कल वाढला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ही योजना भेदभाव घडवते असा निर्णय दिला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने भेदभाव होतो हे मान्य करूनही योजना कायम ठेवली. यातून काही विद्यार्थ्यांना सूट आहे: विद्यापीठाने स्वतः जागेसाठी नाव पाठवलं तर तपासणी लागत नाही. पुन्हा तेच, कुणीतरी शब्द टाकला पाहिजे.

२०१९ च्या कायद्याने एजंटांची बहुतेक शुल्कं बंद केली आणि सर्वसाधारण घरांसाठी डिपॉझिटला पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. आता २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्यानुसार १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये खाजगी घरमालकाला एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता येणार नाही. स्थानिक भाडेकरूला हा मोठाच दिलासा आहे. मात्र ज्याला ब्रिटनमध्ये हमीदार नाही, त्याच्याकडे सहा महिन्यांचं भाडं मोजणं हाच एक पर्याय होता, आणि तो बंद होतो. उरतात ती काही विद्यापीठांची हमी योजना किंवा फी घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या.

याचा सर्वांत जास्त ताण येणार तो पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या शिष्यवृत्तीधारकांवर. परदेशी शिकायला जाणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंडांचा निर्वाह भत्ता अनेक वर्षे राहिला, म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. ब्रिटनच्या व्हिसा नियमांनी लंडनसाठी जानेवारी २०२५ मध्ये धरलेला मासिक खर्च होता १,४८३ पौंड. या मुलांचे काका-मामा हॅरो किंवा हाउन्स्लोसारख्या लंडनमधल्या भारतीय वस्तीच्या उपनगरांत नसतात. त्यांना पाठवणाऱ्या शासनाला ते कोण आहेत, किती शिकलेत, पैसे कुठून येणार, हे सगळं कागदोपत्री ठाऊक असतं. किंग हेन्रीज रोडवरचं घर विकत घेणाऱ्या राज्याने आपल्या शिष्यवृत्तीधारकांच्या भाड्याचा हमीदार म्हणून लंडनमध्ये सही करावी, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी आता लावून धरायला हवी.