पुन्हा पाठवू का? वेब एपीआयच्या एरर कोडमागचा इतिहास

एखाद्या एपीआयकडून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे काम मागण्याच्या वाटेवरून) ४०० किंवा ५०३ असा स्टेटस कोड, म्हणजे निकाल सांगणारा तीन अंकी आकडा, आला, की समोरच्या प्रोग्रामरला तीन गोष्टी हव्या असतात: चूक कोणाच्या बाजूची आहे, नेमकं काय बिघडलं आहे आणि तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे का. स्टेटस कोड पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी देतो, दुसऱ्याचं अर्धवट देतो आणि तिसऱ्याचं अनेकदा देतच नाही. माझ्या मते एपीआयच्या एरर शोधताना होणारी बरीचशी दमछाक या तिसऱ्या प्रश्नापाशीच होते. आणि गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट अशी, की वेब जन्माला येण्याच्या कितीतरी आधी या प्रश्नाचं उत्तर कोडातच लिहिलेलं असे.

इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर फाइल पाठवण्यासाठी एफटीपी हा नियमसंच आकाराला येत होता, तो १९७० च्या दशकाचा आरंभ. सर्व्हरचं उत्तर प्रोग्रामलाही कळावं आणि माणसालाही, म्हणून ओळीच्या सुरुवातीला तीन अंक आणि त्यापुढे साधा मजकूर, अशी रीत ठरली होती. जून १९७४ मध्ये जॉन पोस्टेल आणि सहकाऱ्यांनी आरएफसी ६४० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) या कोडांची फेरमांडणी केली. पहिल्या अंकावरून उत्तराचा प्रकार कळायचा. २ म्हणजे काम झालं, ३ म्हणजे अजून माहिती पाठवा. ४ म्हणजे काम झालं नाही, पण अडचण तात्पुरती आहे, हीच आज्ञा थोड्या वेळाने पुन्हा देता येईल. ५ म्हणजे अडचण कायमची आहे, हीच आज्ञा अशीच्या अशी पुन्हा देऊ नका. दुसरा अंक बिघाड कुठल्या भागात आहे ते सांगायचा: वाक्यरचना, कनेक्शन, ओळख तपासणी की फाइल सिस्टिम.

ऑगस्ट १९८२ मध्ये ईमेलसाठी एसएमटीपी आला, तोही पोस्टेल यांचाच, आणि त्याने हीच विभागणी उचलली. तिचा फायदा आजही दिसतो. समोरच्या मेल सर्व्हरने ४ ने सुरू होणारा कोड दिला तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि अधूनमधून पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, अशी शिफारस १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये आहे. ५ ने सुरू होणारा कोड आला तर पत्र लगेच परत येतं. मधे कोणा माणसाला निर्णय घ्यावा लागत नाही.

वेबची सुरुवात मात्र कोडांशिवाय झाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत १९९१ साली वापरलेल्या पहिल्या एचटीटीपीत, म्हणजे वेबवरच्या संवादाच्या नियमांत, हेडर (मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी) नव्हते, स्टेटसही नव्हता. काही चुकलं तर सर्व्हर चुकीचं वर्णन करणारं एचटीएमएल पान पाठवायचा. खरं पान आणि चुकीचं पान यांत फरक ओळखायचा तर मजकूर वाचण्याशिवाय मार्ग नाही, असं त्या वेळच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलं आहे. पुढच्याच वर्षी तीन अंकी कोड आले. साचा जुनाच होता, पण ४ आणि ५ यांचे अर्थ बदलले. ४ म्हणजे क्लायंटची, रिक्वेस्ट पाठवणाऱ्याची चूक, ५ म्हणजे सर्व्हरची चूक. ‘तात्पुरतं की कायमचं’ हा प्रश्न पहिल्या अंकातून गेला आणि त्या जागी ‘कोणाचं’ हा प्रश्न आला.

या कोडांची माहिती देणाऱ्या सर्नच्या पानावर एक प्रामाणिक वाक्य आहे: क्लायंटची चूक आणि सर्व्हरची चूक सर्वसाधारणपणे वेगळी करता येत नाही, म्हणून हा फरक केवळ माहितीपुरता समजावा. हे वाक्य विस्मरणात गेलं आणि विभागणी नियमासारखी रुजली. त्या काळी त्यात काही अडलंही नाही. ब्राउझरसमोर माणूस बसलेला असायचा, पान आलं नाही तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा की नाद सोडायचा, हे तोच ठरवायचा. प्रोग्राम प्रोग्रामशी बोलू लागले तेव्हा हा निर्णय घेणारा माणूस मधून नाहीसा झाला.

मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० आरएफसी १९४५ म्हणून नोंदवला गेला आणि जानेवारी १९९७ मध्ये १.१ आला. ४०५, ४०८, ४०९, ४१०, ४१५, ५०४ हे आज रोज भेटणारे कोड त्या दुसऱ्या टप्प्यातले. (४०४ हा सर्नमधल्या एका खोलीचा क्रमांक होता, ही गोष्ट खोटी आहे. वेबच्या उभारणीत बर्नर्स-ली यांच्यासोबत असलेल्या रॉबर्ट काय्यो यांनी ती फेटाळली आहे. ४०३ नंतरचा पुढचा आकडा, एवढंच.) अनोळखी कोड आला तर क्लायंटने तो त्या वर्गाचा ‘००’ कोड समजावा, म्हणजे ४७१ दिसला तर ४०० प्रमाणे वागावं, हा नियमही त्या काळापासूनचा. नवे कोड येत राहूनही जुने क्लायंट कोलमडले नाहीत, ते यामुळे.

एपीआयचा काळ सुरू झाला तेव्हा एचटीटीपीकडे बघण्याच्या दोन दृष्टी तयार झाल्या आणि तो वाद अजून मिटलेला नाही. दूरच्या यंत्रावरचा प्रोग्राम चालवण्यासाठीच्या १९९८ च्या एक्सएमएल-आरपीसीने एचटीटीपीला केवळ वाहतुकीचं साधन मानलं. खालच्या पातळीवर काही बिघडलं नसेल तर स्टेटस नेहमी २०० द्यावा आणि चूक बॉडीतल्या, म्हणजे उत्तराच्या मुख्य मजकुरातल्या, ‘फॉल्ट’मध्ये लिहावी, असं त्याचा नियम सांगतो. मे २००० मध्ये आलेल्या सोप १.१ या तशाच पद्धतीने उलट टोक गाठलं: चूक कोणाचीही असो, फॉल्ट पाठवताना स्टेटस ५०० हवा. क्लायंटने चुकीचा डेटा पाठवला तरी लॉगमध्ये सर्व्हर पडल्याची नोंद. त्याच वर्षी रॉय फील्डिंग यांच्या प्रबंधातून रेस्ट ही मांडणी पुढे आली. ती मानणाऱ्यांनी धरलेला आग्रह असा, की स्टेटस कोड हा संवादाचाच भाग आहे, कारण मधले प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे नेणारे सर्व्हर) आणि कॅश (उत्तरं साठवून ठेवणारे) हेही तो वाचतात.

या आग्रहाची बाजू मला पटते. स्टेटस २०० आणि बॉडीत ‘अयशस्वी’ असा प्रकार असला, की देखरेखीचे आलेख हिरवेगार राहतात, अलार्म वाजत नाही आणि वापरणाऱ्याची तक्रार येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तरीही २०० ची वाट बंद झाली नाही. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या ग्राफक्यूएल या एपीआय पद्धतीत एका रिक्वेस्टमधले काही भाग यशस्वी आणि काही अयशस्वी होऊ शकतात, म्हणून चुका बॉडीतल्या ‘एरर्स’ यादीत येतात. त्याच वर्षीच्या जीआरपीसी या दुसऱ्या पद्धतीत एचटीटीपी स्टेटस २०० असतो आणि खरा निकाल बॉडीनंतर शेवटी येणाऱ्या ट्रेलर या ओळींमध्ये, ० ते १६ या स्वतःच्या कोडांत. म्हणून एरर शोधायला बसताना समोरची सेवा कोणत्या परंपरेतली आहे हे आधी ओळखावं लागतं. नाहीतर चुकीच्या जागी बघण्यात अर्धा दिवस जातो.

दरम्यान, हरवलेला तिसरा प्रश्न तुकड्यातुकड्याने परत येत होता. ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) सोबत किती वेळाने यायचं ते सांगणारा ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर १९९० च्या दशकातलाच. पण खरी अडचण झाली ती रिक्वेस्टच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या सेवांची. रिक्वेस्ट बरोबर, टोकन (ओळख पटवणारी किल्ली) बरोबर, फक्त प्रमाण जास्त, यासाठी कोडच नव्हता. कोणी ४०३ द्यायचं, कोणी ५०३, ट्विटरने तर स्वतःचा ४२० काढला. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ ने ४२९ दिला तेव्हा हा गोंधळ आटोक्यात आला. मात्र ४२९ आहे ४ च्या वर्गातला आणि स्वभावाने तात्पुरता. ‘४ ने सुरू होणारं काहीही पुन्हा पाठवू नका’ असं गृहीत धरून लिहिलेला कोड इथे फसतो. ४०८ (रिक्वेस्ट वेळेत पूर्ण आली नाही) आणि २०१८ मध्ये आलेला ४२५ (रिक्वेस्ट फार लवकर आली) यांचंही तेच.

पुन्हा पाठवण्यात दुसरा धोका असतो. ५०४ म्हणजे गेटवेला, मधल्या सर्व्हरला, मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळालं नाही. काम झालंच नाही, असा त्याचा अर्थ नाही. पैसे वळते करण्याची पोस्ट रिक्वेस्ट अशा वेळी दुसऱ्यांदा गेली तर रक्कम दोनदा कापली जाऊ शकते. गेट (वाचा), पुट (ठेवा) आणि डिलीट (पुसा) या रिक्वेस्ट कितीही वेळा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा असावा, ही अपेक्षा एचटीटीपी १.१ मध्ये आहे. पोस्टला ती लागू नाही. ती उणीव भरून काढायला पेमेंट सेवांनी प्रत्येक व्यवहारासोबत क्लायंटने एक वेगळी खूण पाठवायची पद्धत रूढ केली. तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हर नवं काम न करता पहिलाच निकाल परत देतो. दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी वाढवत नेण्याची युक्ती मात्र एपीआयवाल्यांनी शोधलेली नाही, ती १९७० च्या दशकातल्या इथरनेटमध्येच होती. त्या अंतरात थोडा यादृच्छिक फरक ठेवला नाही, तर एकाच क्षणी अडलेले हजारो क्लायंट एकाच क्षणी परततात आणि नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा झोपवतात.

‘नेमकं काय बिघडलं’ याचं उत्तर बराच काळ ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. प्रत्येक सेवेचं एररचं जेसन (डेटा लिहिण्याची मजकुरी पद्धत) वेगळं. कोडाशेजारचा छोटा मजकूरही मे २०१५ मधल्या एचटीटीपी २ ने काढून टाकला. मग मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ आला. त्यात प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील आणि घटना अशा पाच रकान्यांचा समान साचा आहे. जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. यातला ‘तपशील’ माणसासाठी आहे, प्रोग्रामने त्यातले शब्द चाचपून निर्णय घेऊ नये, हे त्यात बजावलेलं आहे. वाक्यरचना सुधारली म्हणून ग्राहकांचे प्रोग्राम बंद पडले, असं होऊ नये यासाठी हा इशारा फार मोलाचा वाटतो.

आजच्या एपीआयचं उत्तर खुद्द एपीआयकडूनच आलं असेल, याचीही खात्री नसते. वाटेत लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरांत वाटणारा) असतो, फायरवॉल (नको ती रहदारी अडवणारी) असते, सीडीएन (वापरणाऱ्याजवळ प्रती ठेवणारं सर्व्हरांचं जाळं) असतो, आणि यातला प्रत्येक जण स्वतःच्या नावाने एरर देऊ शकतो. जेसनऐवजी एचटीएमएल पान आलं, पार्सर (जेसन वाचणारा प्रोग्राम) पहिल्याच ‘<’ चिन्हावर अडला, तर रिक्वेस्ट बहुधा मधेच कुठेतरी थांबलेली असते. काही कोड तर प्रमाणित यादीत सापडतच नाहीत. ४९९ ही एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमधली नोंद, क्लायंटने उत्तराआधीच कनेक्शन तोडल्याची. ५२० ते ५२६ हे क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचे, मागच्या मूळ सर्व्हरशी काही बिनसल्याचे.

या साखळीत एकाच रिक्वेस्टचा माग काढता यावा म्हणून गूगलने आतल्या वापरासाठी डॅपर नावाची व्यवस्था उभी केली आणि २०१० मध्ये तिचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२० मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ‘ट्रेसपेरंट’ हा हेडर प्रमाणित केला. त्यातला आयडी प्रत्येक टप्प्यावर पुढे सरकवायचा असतो. सेवा देणाऱ्यांच्या मदत कक्षाला लिहिताना स्टेटस कोड, वेळ आणि हा आयडी असला, की त्यांना लॉगमध्ये नेमकी ओळ शोधता येते. आयडी पाठवूनही त्यांच्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये ती रिक्वेस्ट सापडली नाही, तर ती बहुधा तिथवर पोचलेलीच नसते आणि पुढचा शोध मधल्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये घ्यावा लागतो.